वजन कमी करा म्हणतात, पण कुठलं?

दसऱ्याच्या आगेमागे आमच्या बीड जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. गावोगावच्या वेशीत ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहतात, त्यात भांडीकुंडी, ज्वारी-बाजरीची पोती, शेळ्या, कोंबड्या, लेकरं चढतात आणि टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पार बेळगाव-बागलकोटपर्यंत. आणि त्याच दिवसांत, १२ ऑक्टोबरच्या जागतिक संधिवात दिनानिमित्त, दवाखान्यांची पोस्टरं आपल्या मोबाइलवर यायला लागतात. सांधेदुखी टाळायची असेल तर या सवयी पाळा. वजन आटोक्यात ठेवा. रोज तीस मिनिटं चाला. उकिडवं बसू नका. जड उचलू नका. जिने टाळा. कमोड वापरा. सकाळचं कोवळं ऊन घ्या. दूध, अंडी, फळं खा. खाली पांढरे बूट घालून बागेत चालणाऱ्या हसऱ्या आजी-आजोबांचा फोटो.

यंदाही ते मला निदान दहा ग्रुपांवरून आलं. एका गावच्या ग्रुपवर तर पोस्टरच्या बरोबर खाली मुकादमाचा मेसेज होता, गाडी पहाटे वेशीत येणार, सगळ्यांनी बोचकी बांधून तयार राहावं. दोन्ही मेसेज एकाखाली एक वाचले आणि म्हटलं आता लिहूनच टाकू. पोस्ट लांबणार आहे. जमेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

आधी एक सांगतो, म्हणजे डॉक्टर मित्र नाराज होणार नाहीत. पोस्टरवरचा सल्ला खोटा नाही. गुडघ्याच्या सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं, आपण ज्याला ‘गादी’ म्हणतो ते. ते झिजलं की हाडावर हाड घासतं. याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, आपल्या भाषेत ‘वाट्या गेल्या’. भारतात १९९० मध्ये याचे सुमारे २ कोटी ३५ लाख रुग्ण होते, २०१९ मध्ये ते सव्वासहा कोटींच्या आसपास गेले. लोकसंख्या वाढली, आयुष्य वाढलं, वजनंही वाढली. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावातल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यात दिसलं की ज्या बायकांचं वजन दहा वर्षांत पाचेक किलोनं उतरलं त्यांना गुडघेदुखीचा हा आजार होण्याचा धोका निम्म्यावर आला. आणखी एका अभ्यासात निघालं की अंगावरचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो. तेव्हा बीड, अंबाजोगाई, परळीत दुकानाच्या गल्ल्यावर, शाळेच्या खुर्चीवर, कचेरीत आणि माझ्यासारखं बातम्यांच्या नावाखाली टपरीवर बसणाऱ्यांनी तो सल्ला मुकाट्यानं पाळावा. चालायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

माझं भांडण ‘सवय’ या शब्दाशी आहे. सवय म्हणजे जी माणूस ठरवून लावून घेतो आणि ठरवून सोडू शकतो ती. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखाच्या वर माणसं जे काम करायला जातात, त्या कामाला जीवनशैली म्हणायचं आणि मग गुडघे गेले की सवयी सुधारा म्हणून सांगायचं, हे मला पटत नाही.

पोस्टर हातात घेऊन एकदा फडात जाऊ. फड म्हणजे तोड चालू असलेलं उसाचं रान, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी.

‘वजन आटोक्यात ठेवा.’ दीडशे सेंटिमीटर म्हणजे जेमतेम पाच फूट उंचीची, ४५ किलो वजनाची बाई धरा. अशा शेकडो बाया तुम्हाला आपल्या एसटी स्टँडवर दिसतील. डॉक्टर ज्याला बीएमआय म्हणतात तो तिचा २० येतो, अगदी पुस्तकातला. आता तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवा आणि चुंबळीवर तीस किलोची मोळी. गुडघ्याला मोळी आणि मांस यातला फरक कळत नाही, त्याच्यासाठी ती आता ७५ किलोची बाई आहे. बीएमआय ३३ च्या वर. एवढ्या वजनाची बाई दवाखान्यात बसून आली असती तर डॉक्टरांनी आधी भात बंद केला असता. हिचा भात बंद करून काय होणार? हिचं कमी करायचं वजन डोक्यावर आहे आणि ते किती असावं हे ती ठरवत नाही.

बरं, मोळी एक नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो. दोन टन म्हणजे दोन हजार किलो, तीस किलोच्या साठ-पासष्ट मोळ्या. त्या तोडायच्या, सोलायच्या, बांधायच्या, फडातून पाचटावर पाय घसरत बाहेर आणायच्या आणि ट्रकमध्ये नाहीतर ट्रॉलीत चढवायच्या. हंगाम चार-पाच महिन्यांचा. गुणाकार तुम्हीच करा.

‘जिने टाळा.’ यावर धारूरकडच्या एका तांड्यावरची बाई मला जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. वय तिच्या सांगण्यानुसार बेचाळीस, पण उठताना दोन्ही हात जमिनीला टेकवून, मग एक हात मांडीवर, मग दुसरा, असं टप्प्याटप्प्यानं उठत होती. म्हणाली, “डॉक्टर म्हणले जिना चढू नका बाई. मी म्हणलं आमच्यात कुठं आलाय जिना, आमचं तर पत्र्याचं घर. मग वाटंत ध्यानात आलं दादा, ट्रकाला लावतेत ती फळी!” आणि हसली. तिच्या मागं बसलेल्या बायाही हसल्या. डोक्यावर मोळी घेऊन तिरक्या फळीवरून वर चढायचं, रिकामं उतरायचं, परत चढायचं. रात्री गाडी आली तर रात्री. डॉक्टरांच्या केस पेपरवर फळीला रकाना नाही.

‘उकिडवं बसू नका, कमोड वापरा.’ कोपीवर संडासच नसतो, तर कमोडचं काय घेऊन बसलात. ‘सकाळचं कोवळं ऊन घ्या.’ हे वाचून तर मला खरंच हसू आलं. कोवळं, कडक, तिरपं, सगळ्या प्रकारचं ऊन या लोकांना फुकट आहे. ‘दुखत असेल तर विश्रांती घ्या.’ विश्रांतीला फडात खाडा म्हणतात. खाडा पडला की मजुरी तर बुडतेच, वर अनेक टोळ्यांत दंड बसतो आणि तो उचलीत धरला जातो. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे. म्हणजे या वर्षी गुडघ्याला दिलेली विश्रांती पुढच्या वर्षी त्याच गुडघ्यानं फेडायची.

इथं काही लोक म्हणतील, हे काय नवीन आहे का? शेतातली बाई पिढ्यानपिढ्या वाकतेय, खुरपतेय, पाणी आणतेय. आमच्या आज्ज्यांनी नाही का केलं? केलं. आणि आपल्या आज्ज्या शेवटी कशा चालायच्या तेही आठवा. ओट्यावरून उतरताना भिंत धरायची, देवाला बसून हात जोडायचे, आणि सगळं घर म्हणायचं, ‘वात आहे, वय झालं.’ आपण त्याला वय म्हणालो म्हणून ते काम नव्हतं असं होत नाही.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न कायद्यानं सोडवून झालाय, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. ब्रिटनमध्ये २००९ साली कोळसा खाणीत जमिनीखाली दहा वर्षं किंवा जास्त काम केलेल्या कामगाराचा गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस हा ‘धंद्यामुळे झालेला आजार’ म्हणून सरकारी यादीत गेला. २०१२ साली घरोघर गालिचे आणि फरशा बसवणाऱ्यांनाही त्यात घेतलं, कारण ते आयुष्यभर गुडघ्यावर बसून काम करतात. जर्मनीनं २००९ मध्येच हिशेब तासांत मांडला. आयुष्यभरात एकूण १३ हजार तास, आणि दिवसाला किमान एक तास, गुडघ्यावर किंवा उकिडवं बसून काम झालं असेल तर गुडघ्याची झीज कामाच्या खात्यात धरायची.

हा जर्मन हिशेब मी आपल्या बाईला लावून पाहिला. ऊस बुडातून तोडताना, सोलताना, मोळी बांधताना दिवसाचे चारच तास गुडघे पूर्ण वाकलेले धरले, हंगाम दीडशे दिवसांचा धरला, तर वर्षाचे सहाशे तास. १३ हजार तास भरायला बावीस वर्षंही लागत नाहीत. आपल्याकडे सोळाव्या वर्षी लग्न होऊन पोरगी फडात गेली (आणि अशी लग्नं कोयता पूर्ण करण्यासाठीच लावली जातात हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको), तर अडतिशीत तिचा कोटा पूर्ण होतो. यात मी पावसाळ्यातली खुरपणी धरलेलीच नाही. खुरपणी तर अख्खी उकिडवं बसूनच होते.

आपल्याकडे काय आहे? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला धंद्यातल्या आजारांची यादी जोडलेली होती. शिसं, पारा, धुळीनं होणारे फुप्फुसाचे आजार त्यात होते, ओझ्यानं झिजलेला गुडघा नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३४ होतं, इजा होईल एवढं ओझं कुणाला उचलायला लावू नये असं सांगणारं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या कामगार संहितांमध्ये गेले. पण मुद्दा जुनाच राहिला. कारखान्याच्या गेटच्या आत साखरेचं पोतं उचलणारा माणूस कायद्याला दिसतो. त्याच कारखान्याचा ऊस गेटच्या बाहेर, दहा किलोमीटरवरच्या फडात डोक्यावर वाहणारी बाई दिसत नाही. कारण ती कारखान्याची कामगार नाही, मुकादमाची आहे. मुकादमाला विचारलं तर तो म्हणतो, करार नवऱ्याशी आहे. म्हणजे बाईचे गुडघे कुणाच्याच हजेरीपटावर नाहीत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली डोक्या-पाठीवरून वाहायच्या ओझ्यावर करार केला. त्याच्याबरोबरच्या शिफारशीत पुरुषाला ५५ किलोची कमाल मर्यादा सांगितली आणि बाईचं ओझं त्याहून बरंच कमी असावं असं म्हटलं. साठ वर्षं होत आली. कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन होतं, त्यात काटा मारला म्हणून शेतकरी आंदोलन करतो, विधानसभेत प्रश्न येतात. बरोबरच आहे, यावेत. पण मोळीचं वजन कुठल्याच काट्यावर होत नाही.

आता गोळ्यांवर येतो, कारण हा भाग मला जास्त घाबरवतो.

कोणत्याही टोळीच्या कोपीत जा, कळशीशेजारी गोळ्यांची पाकिटं सापडतात. अंगदुखीची गोळी सकाळी एक, गाडी भरायची असेल तर रात्री एक. बऱ्याचदा ती डायक्लोफेनॅक असते किंवा तिच्याच जातीतली. ही औषधं चार दिवस घ्यायला ठीक, पण उन्हात पाणी कमी पिऊन, रिकाम्या पोटी, महिनोन् महिने घेतली की पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ऊस तोडणारी बाई पाणी कमी पिते कारण लघवीला जायला आडोसा नसतो. म्हणजे बघा कसं एकात एक अडकलंय. याच डायक्लोफेनॅकवर २००६ साली आपल्या सरकारनं जनावरांसाठी बंदी घातली. का? तर ती दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. गिधाडं वाचवायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. माणसानं डॉक्टरच्या सांगण्यावरून ती घेणं आजही योग्यच आहे. पण फडातल्या माणसाला ती कोण सांगतं, किती सांगतं, किती दिवस सांगतं, हे विचारायला कुणी नाही.

त्याहून वाईट म्हणजे बिननावाच्या पुड्या आणि ‘वातावरचं गावठी औषध’. एका दिवसात गुडघा हलका झाला, भूक वाढली, चेहरा भरला, असं कुणी कौतुकानं सांगितलं की माझे कान उभे राहतात. हा स्टेरॉइडचा गुण आहे. विनादेखरेख महिनोन् महिने घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते आणि एकदम बंद केलं तर जिवावर बेततं. पाकिटावर नाव नसलेलं काहीही तोंडात टाकू नका, एवढं तरी टोळीतल्या प्रत्येकाला सांगा.

आणि आता तो विषय, ज्यासाठी बीडचं नाव देशभर झालं आणि ज्याचा सांध्यांशी संबंध आहे हे क्वचितच कुणी बोलतं.

जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांचं गर्भाशय काढलं गेलं. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. आम्ही पत्रकारांनी तेव्हा ‘गर्भाशयाविना गावं’ वगैरे मथळे देऊन झाले, दिल्लीची चॅनलं येऊन गेली, संपलं. जून २०२५ मध्ये पुन्हा आरोग्य विभागाच्या तपासणीतला आकडा छापून आला, हंगामाला जाण्याआधी ८४३ जणींची शस्त्रक्रिया झालेली, त्यात ४७७ जणी तीस ते पस्तीस वयाच्या.

बाईच्या अंगात इस्ट्रोजेन असेपर्यंत ते हाडांना धरून ठेवतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर ते एका दिवसात थांबतं, पाळी जाण्याचं वय तिशीतच येतं. अंडाशय ठेवलं तरी पाळी जाण्याचं वय सरासरी अलीकडे सरकतं. पुढं हाडं विरळ होतात, अंगाला कळा सुटतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये गुडघ्याची झीज वाढते हेही सगळीकडे दिसलेलं आहे. ठिसूळ हाडं आणि झिजलेला सांधा हे दोन वेगळे आजार आहेत, पण बाईला दोन्ही एकत्र भोगावे लागतात. पाळीच्या दिवसांतला खाडा वाचावा म्हणून जी शस्त्रक्रिया करून घेतली, तिच्यामुळे पुढच्या पंधरा-वीस वर्षांचं कामच अवघड होतं. हे ऑपरेशन सुचवताना तिला कुणी सांगितलं होतं का? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकीलाही अंडाशय काढलं की ठेवलं, हेच माहीत नव्हतं. कागद दवाखान्यात.

मग करायचं काय? नुसतं रडगाणं लिहायचं असेल तर फेसबुक भरलेलं आहे.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी टनामागं दहा रुपये आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलेलं. राज्यात बऱ्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचेच शंभर कोटी होतात एका वर्षाचे. वसतिगृहं होतायत, चांगलं आहे, पोरं शिकली तर कोयता सुटेल. पण आईबापाच्या सांध्यांवर यातले किती रुपये खर्च होतात, हा प्रश्न महामंडळाला विचारायचा आहे. अंबाजोगाईला ग्रामीण भागातलं एवढं जुनं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या अस्थिरोग आणि फिजिओथेरपीवाल्यांनी पावसाळ्यात, टोळ्या गावात असताना, एकेक तालुका धरला तर गुडघा, कंबर, मान यांची नोंद होऊ शकते. नोंद झाली तर उद्या कुणीतरी भरपाईचा दावा करू शकेल. आज दावा करायला कागदच नाही.

दुसरं, मोळीचं वजन. करारात टनाचा दर असतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली, संघटनांनी भांडून मिळवली. त्याच टेबलावर मोळीची मर्यादाही लिहून घेता येते. बाईला वीस किलोच्या वर मोळी नाही, एवढी एक ओळ. मुकादम म्हणतील फेऱ्या वाढतील, गाडी उशिरा भरेल. वाढू द्या. नाहीतर भरणीला यंत्र लावा. अख्खा ऊस तोडणाऱ्या हार्वेस्टरला सरकार ३५ लाखांपर्यंत अनुदान देतं. ते यंत्र कोयताच काढून घेतं, त्यावर अवलंबून असलेल्या घरांचं काय हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. पण तोडलेला ऊस नुसता उचलून गाडीत टाकणारी यंत्रंही आहेत, ती कोयत्याच्या पोटावर येत नाहीत, फक्त डोक्यावरची मोळी आणि ती फळी काढतात. संघटनांनी याची मागणी दरवाढीएवढ्या जोरात का करू नये, हे मला खरंच कळत नाही. टोळीतल्या तरुणांना विचारलं तर ते म्हणतात, भरणीचे पैसे कापतील. मग भरणीचे पैसे न कापता यंत्र, असं मागा.

तिसरं, दुखण्याच्या आणि पाळीच्या दिवसाला दंड नको. मजुरी नाही मिळाली ते समजू शकतो, पण दंड कशाचा?

चौथं, करारावर बाईचं नाव. दर दोघांचा, घाम दोघांचा, अंगठा एकट्याचा. तिचं नाव कागदावर आलं तरच तिचा गुडघा कुणाच्या तरी हद्दीत येईल.

एवढं होईपर्यंत या हंगामाचं काय, असं कुणी विचारेल. ज्यांच्या घरची माणसं निघालीत त्यांच्यासाठी, डॉक्टरांना विचारून, फुकटात होण्यासारखं लिहितो. एकच काम दिवसभर एकानंच करू नये, तोडणं, सोलणं, बांधणं, वाहणं आलटूनपालटून करावं. मोळी उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यातून बसून, मोळी अंगाजवळ घेऊन उठावं आणि शक्यतो दोघांनी मिळून डोक्यावर चढवावी. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट असेल तर गुडघ्यावरचा मार कमी होतो. त्यासाठी बाजेवर बसून एकेक पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली घ्यायचा, दहा-पंधरा वेळा. हे दमलेल्या माणसाला सांगायला मला लाज वाटते, पण याचा उपयोग होतो हे खरं आहे. सुजलेल्या गुडघ्यानं फळी चढू नये. गुडघा लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो वात नाही, सांध्यात पू असू शकतो, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

आणि एक खूण सगळ्यांसाठी, फडातल्या आणि शहरातल्याही. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसेल आणि असं काही आठवडे चाललं असेल, तर तो झिजेचा नव्हे, दुसऱ्या जातीचा संधिवात असू शकतो, रूमेटॉइड. यात शरीर स्वतःच्याच सांध्यावर हल्ला करतं. विडी-सिगारेटनं याचा धोका वाढतो. याला वेळेत औषधं सुरू झाली तर सांधे वाचतात, उशीर झाला तर बोटं वाकडी होतात ती होतातच. अशा माणसाला ‘वात आहे, तेल लाव’ म्हणून घरी बसवू नका.

दवाखान्यांच्या पोस्टरवाल्यांना एक विनंती. पोस्टर टाका, पण आपल्या जिल्ह्यासाठी वेगळं काढा. बागेतल्या आजी-आजोबांच्या जागी डोक्यावर मोळी घेतलेली बाई छापा आणि ‘जड उचलू नका’ हे वाक्य तिला सांगण्याऐवजी कारखान्याला उद्देशून लिहा. छापायचा खर्च तेवढाच येईल.

गावागावात टोळ्या निघण्याआधी आरोग्य तपासणी व्हायला हवी, तसं सरकारनंच ठरवलेलं आहे. तुमच्या गावात ती झाली का, आशाताईंना विचारा. झाली असेल तर कार्ड बघा, त्यावर गुडघा, कंबर, मान यासाठी काही रकाना आहे का, आणि पिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर अंडाशय काढलं की ठेवलं याची नोंद आहे का. नाव झाकून कार्डाचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. तालुक्याचं नाव मात्र नक्की लिहा. अकराही तालुक्यांचे फोटो जमले की ते घेऊन मी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि महामंडळाकडे जाणार आहे, आणि ते काय म्हणाले ते इथंच टाकणार आहे.